चित्रांची जत्रा आणि कारागिराचा वांटा

मुंबईस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ सालच्या नोव्हेंबरांत 'आर्ट मुंबई' ही चित्रांची जत्रा प्रथम भरली. दिल्लीस तशी जत्रा २००८ सालींच सुरू झाली होती. आपल्या जत्रेंत कुंभार मडकीं घेऊन स्वतः बसतो. येथें बहुतेक दुकानें चित्रांच्या पेढ्यांचीं. चित्रकार त्यांच्या मागें उभा.

वारली मायबहिणी लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें भिंतीवर लिहीत आल्या. तीच कला कागदावर नेऊन जगभर पोंचविणारे जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. मान मोठा खरा. पण मानानें चूल पेटत नाहीं. कारागीर पहिल्या विक्रीचे पैसे घेऊन घरीं जातो. तेंच चित्र पुढें दसपट किंमतीस गेलें, तर नफा कोणाचा?

बंधूंनो, कायदा ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ५३-अ सांगतें कीं, मूळ चित्र किंवा मूर्ति दहा हजार रुपयांवर पुन्हां विकली गेल्यास त्या किंमतींत कर्त्याचा, त्याच्या मागें वारसांचा, वांटा आहे. तो दहा टक्क्यांपर्यंत असूं शकतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन चित्र काढलें व कांहींच लिहून घेतलें नाहीं, तर चित्राचा कॉपीराइट मुळांतच पैसे देणाराकडे जातो आणि कर्त्यास हा वांटा मिळत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच: हक्क कर्त्याचाच राहील असें आधीं लिहून घ्या. सातबारा जपतां तसा हा कागदहि जपा. अक्षर नव्हतें तेव्हां शेतें गेलीं. आतां अक्षर असून चित्रें जाऊं देऊं नका.