सही केली, पण संमती होती का?

मैत्रिणींनो,

'कराराचा कायदा हा व्यापाऱ्यांचा विषय, बायकांच्या मासिकात कशाला?' असा प्रश्न आपल्यातल्याच काहीजणींनी विचारला, म्हणून हे संपादकीय.

पालघर-बोईसरच्या कॉलेजांत वाणिज्य शाखेच्या मुली भारतीय करार कायदा, १८७२ परीक्षेसाठी पाठ करतात. मुरब्याच्या कोळी वस्तीतल्या बाया तो न वाचताच रोज करार करतात. होडी लागली की भाव ठरतो, टोपली उचलली जाते, 'पैसे बाजार करून आल्यावर देते' असा शब्द दिला जातो. कागद नाही, सही नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने तो करारच. एकाने देऊ केलं, दुसरीने मान्य केलं, मोबदला ठरला. व्यवहार बायांना कळत नाही, हे म्हणणंच खोटं आहे.

पण जमिनीचा कागद समोर आला की याच बाईला सांगतात, 'तुला काय कळतंय, अंगठा लाव.' आपल्या भागात रस्ते, रेल्वे यांसाठी जमिनी गेल्या. २०२४ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी मिळाली, खुद्द मुरब्याला बंदराचा प्रस्ताव आला. जमिनीला भाव आला की बहिणीची आठवण येते! 'वारसनोंदीसाठी सही हवी' म्हणून तिला तालुक्याला नेतात. कागद असतो हक्कसोडपत्राचा. कामाच्या निमित्ताने मी असे कागद पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. प्रत्येकीचं उत्तर एकच: 'भावाने सांगितलं, मी सही केली.'

हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. कायद्याने दिलेला हा हक्क एका सहीने जातो. म्हणून करार कायद्याची मूळ तत्त्वं आपल्याला माहीत हवीत.

करार करणारी व्यक्ती १८ वर्षं पूर्ण झालेली आणि समजत्या मनाची हवी. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे मोहोरी बीबी खटल्यात १९०३ साली ठरलं. लग्न झालं म्हणून सोळा वर्षांची मुलगी सज्ञान होत नाही. मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवेत. मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही; पण जवळच्या नात्यात प्रेमापोटी लिहून, नोंदवून दिलेला करार टिकतो. बहिणीकडून नेमकं हेच 'प्रेम' लिहून घेतलं जातं.

सर्वांत मोठं तत्त्व संमतीचं. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. त्याच्या मनात हक्कसोड आणि तिच्या मनात वारसनोंद असेल, तर संमती कुठे आहे? ती मोकळीही हवी. बळजबरी, अवाजवी दडपण, फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती मोकळी नसते.

यासाठी बायांनी पूर्वीही कोर्टाची पायरी चढली आहे. मद्रास इलाख्यात तेरा वर्षांच्या एका विधवेच्या नवऱ्याचं प्रेत, तिने दत्तक घेण्याचं कबूल करीपर्यंत नातेवाइकांनी उचलू दिलं नाही. १८८९ साली उच्च न्यायालयाने ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक मानलं नाही. आत्महत्येची धमकी देऊन एका नवऱ्याने बायको-मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्क सोडवून घेतला. तीही बळजबरीच, असं १९१७ साली त्याच न्यायालयाने बहुमताने ठरवलं. निरक्षर बाईच्या अंगठ्याबाबत अनेक निकाल सांगतात की, तिला मजकूर समजावून दिला होता हे फायदा घेणाऱ्याने सिद्ध करायचं.

पण भ्रमात राहायला नको. अशी सही आपोआप रद्द होत नाही. तो करार रद्द करून घेता येतो, आणि त्यासाठी बाईलाच दावा लावावा लागतो, तोही खरा प्रकार कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. नोंदणीकृत कागद मोडणं कठीण असतं. 'माहेर तुटेल' ही धमकी तर कायद्याच्या व्याख्येत सहजी बसतही नाही. कायदा जिथे थांबतो, तिथे संघटनेचं काम सुरू होतं.

म्हणून प्रत्येक गटाने एक नियम करावा: एकटीने सही करायची नाही. कागद आधी घरी आणायचा. गटात मोठ्याने वाचून घ्यायचा. काय देतेय, काय मिळतंय, आणि नाही म्हटलं तर काय होईल, हे तीन प्रश्न विचारायचे. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. सही करायचीच ठरली, तर नक्कल हातात घेऊन यायचं. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी विधी सेवा समिती असते.

समजून-उमजून भावाला हक्क देणाऱ्या बहिणीला आमचा विरोध नाही. तो तिचा निर्णय. पण तो तिचा असायला हवा. वाणिज्य शिकणाऱ्या आपल्या लेकींना पुढच्या बैठकीला बोलवा. परीक्षेसाठी पाठ केलेलं त्यांनी आयांना समजावून सांगावं, आणि घासाघीस कशी करायची ते आयांकडून शिकावं. तुमच्या गटात काय चर्चा झाली ते आम्हाला जरूर कळवा.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने