धबधब्याला बंदी, रिसॉर्टला मुभा

जून उजाडला की पाऊस कधी उशिरा येतो, बंदीचा आदेश मात्र वेळेवर येतो. पुण्याचे जिल्हाधिकारी काढतात, रायगडचे काढतात, कर्जतचे प्रांत काढतात, खारघरला पांडवकड्याच्या वाटेवर बॅरिकेड लागतं. मजकूर आता आपल्याला पाठ झाला आहे. धबधब्याखाली बसू नये, वाहत्या पाण्यात उतरू नये, मद्य बाळगू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये. पूर्वी खाली कलम 144 लिहिलेलं असायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 असतं. बदल झाला तो एवढाच.

मला या आदेशांविरुद्ध बोलायचं आहे. असं बोललं की लगेच विचारतात, मग काय लोकांना मरू द्यायचं? नाही. लोक मरू नयेत म्हणूनच बोलतो आहे. हा आदेश लोकांना वाचवण्यासाठी निघतो, यावर माझा विश्वास राहिलेला नाही. उद्या कोणी मेलं तर "आम्ही सांगितलं होतं" असं म्हणता यावं यासाठी तो निघतो.

आमच्या शिरवण्यातून पांडवकडा जवळ आहे. जुईनगरला हार्बर लोकल पकडली की नेरूळ, सीवूड्स, बेलापूर आणि चौथं स्टेशन खारघर. पावसाळ्यात ढग जरा वर सरकले की डोंगरावरची ती पांढरी रेघ रस्त्यावरूनही दिसते. आमच्या पोरांनी पांडवकडा पाहिला आहे तो असाच, दुरून. ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या ओढ्यात चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. बंदी तेव्हाही होतीच. तेव्हापासून इतके पावसाळे गेले, आणि दरवर्षी वाढलं ते बॅरिकेड आणि दंडाची भाषा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फ कोर्स केला आहे. पैसे भरून तिथे खेळायला जाता येतं. ते खर्चिक काम होतं, तरी झालं. धबधब्यापर्यंत एक धड पायवाट, एक रेलिंग आणि पाण्याजवळ चार पगारी माणसं मात्र होत नाहीत.

लोणावळ्यालाही हेच. आदेशात नावं असतात ती सार्वजनिक जागांची, म्हणजे जिथे फुकट जाता येतं त्या. तिथून दहा मिनिटांवरच्या रिसॉर्टमध्ये नळाचा धबधबा असतो, खाली डीजे असतो, हातात ग्लास असतो. तिथे कलम पोचत नाही. कोणी म्हणेल, तिथे रेलिंग असतं, पाण्याजवळ माणूस उभा असतो, म्हणून चालतं. अगदी बरोबर. म्हणजे धोका पाण्यात कमी आणि बंदोबस्त नसण्यात जास्त आहे. मग ज्याच्या खिशात माणशी अडीच-तीन हजार आहेत त्याला बंदोबस्त, आणि ज्याच्या खिशात चारशे आहेत त्याला बंदी, असा हा हिशोब झाला.

चारशेवाला माणूस कोण, तेही सांगतो. आमच्या गल्लीत एमआयडीसीत जाणारे आहेत, रिक्षावाले आहेत, एपीएमसीत माल उतरवणारे आहेत. महाबळेश्वरला खोली घेऊन चार दिवस राहणं त्यांच्या स्वप्नातही नसतं. मे महिन्यात गावी जायचं, तेही जमलं तर. मग वर्षातली खरी सहल एकच, पावसातल्या एका रविवारी "भिजायला" जायचं. पहाटे टेम्पो ट्रॅव्हलर येते. एक पातेलं बिर्याणी, ताडपत्री, कपड्यांचा जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हातारीसाठी खुर्ची. दुपारी भाजलेलं कणीस, गरम चहा, परतताना चिक्कीचं पाकीट. रात्री अकराला सगळे घरी आणि सोमवारी सातच्या पाळीला हजर. त्यांचा थंड हवेच्या ठिकाणचा मुक्काम म्हणतात तो एवढाच, एका दिवसाचा. तो काढून घेतला तर त्यांच्याकडे दुसरा नाही.

30 जून 2024 च्या रविवारी पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब असंच निघालं होतं. घरात नुकतंच लग्न झालं होतं, पाहुणे आले होते, सगळे मिळून लोणावळ्याला आले. भुशी डॅमच्या मागच्या बाजूला डोंगरातून एक ओढा धरणात उतरतो, तिथे ते पाण्यात गेले. वरून लोंढा आला. एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. काठावर माणसं होती, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं साधन कोणाकडे नव्हतं. एक बाई आणि चार मुलं गेली. सर्वांत धाकटं चार वर्षांचं होतं.

नंतर जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. नावं छापून आली आणि त्या व्हिडिओखाली लोकांनी आपापला हिशोब चुकता करायला घेतला. यांची मुलंच फार, बुरखे घालून पाण्यात कशाला जातात, यांना कायदा कळतच नाही. चार वर्षांच्या पोराच्या मरणाखाली हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजी होत्या. भुशीच्या पायऱ्यांवर दर रविवारी हजारो माणसं बसतात. त्यांत सगळ्या जातीधर्मांची असतात, सगळी सारखीच भिजतात आणि सारखीच बेफिकीर असतात. वाहून गेलेला दुसऱ्या नावाचा असतो तेव्हा ती "दुर्दैवी घटना" असते. आपल्या नावाचा असला की तो आपल्या समाजाचा दोष ठरतो.

आणि हे फक्त बाहेरच्यांनीच केलं असं नाही. आमच्या व्हॉट्सॲप गटांत त्याच दिवशी दुसऱ्या प्रकारचे संदेश फिरत होते. बायकांना घेऊन असल्या तफरीला जाऊच नये, बेपर्दगीचा हा परिणाम, वगैरे. हे लिहिणारे स्वतः मित्रांबरोबर माळशेजला जाऊन आलेले. आमच्या शेजारच्या एक भाभी घरी शिवणकाम करतात. मशीनवरून उठल्या की चूल, चुलीवरून उठल्या की मशीन. वर्षातून एकदा त्या ओढ्याच्या कडेला दगडावर बसतात, बुरख्यासकट चिंब भिजतात आणि लहान पोरीसारख्या ओरडतात. त्या ओरडण्यात कोणाचा दीन बुडतो ते मला कळत नाही. एकाला तिचा बुरखा खुपतो, दुसऱ्याला तिचं हसू. ती बुडाली की मात्र दोघांचं एकमत होतं की ती घरीच असायला हवी होती. सरकारचा आदेश तरी वेगळं काय सांगतो?

भुशीच्या त्या जागेला मालक किती, हे पाहण्यासारखं आहे. धरण रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं त्या काळात बांधलेलं. मागचा डोंगर वनखात्याचा. गाव नगरपरिषदेचं. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, अंमलबजावणी पोलिसांची. गाडी उभी करायचे पैसे मात्र घेतले जातात, जकातीसारखे. आणि इतके मालक असलेल्या जागेवर माणसं वाहून गेली तेव्हा शोधायला पुढे कोण आलं? शिवदुर्ग मित्रची मुलं. ही लोणावळ्याची स्वयंसेवी बचाव संस्था. दिवसा नोकरी-धंदा करणारी माणसं फोन आला की दोर घेऊन दरीत उतरतात. नौदलाचे पाणबुडेही आले. म्हणजे शोधकार्याची तयारी चांगली आहे, कमी आहे ती त्याआधीची. अपघातानंतर काय झालं? नवा आदेश निघाला आणि त्या परिसरातल्या टपऱ्या हटवल्या. मॅगी आणि कणीस विकणाऱ्या बाईमुळे पूर आला होता बहुतेक.

पुढच्याच पावसाळ्यात, 15 जून 2025 ला, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. तोही रविवारच. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी पैसे मंजूर होते. फलक लावला आणि पूल तसाच उभा ठेवला. धोकादायक पूल तोडायचा असतो किंवा दोन्ही तोंडांना भिंत घालून बंद करायचा असतो, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची? पर्यटकांच्या बेशिस्तीची.

बेशिस्त आहे, मी नाकारत नाही. बाटल्या फोडणारे आहेत, भर पाण्यात बायकांच्या अंगचटीला येणारे आहेत, कड्याच्या टोकावर पाठ करून उभे राहणारे आहेत. त्यांना पकडा, दंड करा, रात्र चौकीत काढू द्या. त्यासाठी कायदे आधीपासून आहेत. पण पाच टवाळांसाठी पाच हजार माणसांना हाकलायचं, हे पोलिसांच्या सोयीचं आहे, न्यायाचं नाही. शिवाय सामान्य माणसाशी वागायची तऱ्हा पाहा. जुलै 2023 मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या पोरांना ओळीत उभं करून उठाबशा काढायला लावल्या आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. रुळांवरून चालणं चूकच. पण विमानतळावर रांग मोडणाऱ्या साहेबाला कोणी उठाबशा काढायला लावेल का?

"मग करायचं काय" या प्रश्नाचं उत्तर आपल्या आसपासच आहे. गोव्याने समुद्र बंद केला नाही. 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले, लाल झेंडे लावले. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे, नोंदणी आहे, शुल्क आहे, आणि ते काम आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर करतात. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून हे जमतं.

माथेरानचं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथली छोटी गाडी 1907 साली सुरू झाली ती आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्याच्या घराण्याने पैसा घातला म्हणून, हे आमच्याकडेही फार जणांना ठाऊक नसतं. ही गाडी पावसाळ्यात काय करते? नेरळहून वर चढणारा घाटाचा भाग दरडींमुळे बंद होतो. पण वरच्या सपाटीवरची अमन लॉज ते माथेरान ही फेरी पावसाळ्यातही चालू ठेवतात. कुठे धोका आहे, किती आहे, हे पाहून तेवढाच तुकडा बंद, बाकीचा चालू. असा विचार एका रुळाच्या बाबतीत होऊ शकतो तर एका ओढ्याच्या बाबतीत का होऊ नये? पायथ्याचा उथळ भाग उघडा ठेवा, घळीत जाणारी वाट बंद करा, संख्या ठरवा, दुपारनंतर आत सोडू नका.

आणि गावातली माणसं कामाला लावा. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. वरच्या पठारावर पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ घळीत उतरतो. तुमच्या डोक्यावर झिमझिम असताना वर कोसळत असेल तर थोड्याच मिनिटांत ओढ्याचं रूप बदलतं. आधी पाणी गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. गुडघाभर पाणीही वेगात असलं की मोठ्या माणसाचा पाय सुटतो. हे तिथल्या ठाकराला, कातकऱ्याला लहानपणापासून कळतं. आपल्याला कळत नाही, कारण फलकावर फक्त "धोका" लिहिलेलं असतं, धोक्याची खूण लिहिलेली नसते. वर पठारावर एक पोरगा, खाली पाण्याजवळ दोन, सगळ्यांकडे शिट्टी आणि वॉकीटॉकी, काठावर बांधलेला दोर. चार महिन्यांचा पगार द्या. ज्या टपऱ्या पाडल्या त्यांच्यातल्याच पोरांना द्या. उलट आज बंदी लागली की देवकुंडसारख्या जागी वाट दाखवून कमावणारी पाटणूसची मुलं घरी बसतात. मग पर्यटक चोरवाटेने जातात, वाटाड्या न घेता, आणि तिथेच मरतात.

म्हणून यंदाचा आदेश आला की एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे. आदेशातल्या प्रत्येक जागेपुढे विचारा की इथे जीवरक्षक किती, दोर आहे का, सूचना देणारा भोंगा आहे का, मागच्या वर्षी पार्किंगचे किती पैसे जमले आणि ते कुठे खर्च झाले. अर्ज मराठीत चालतो.

येत्या रविवारी आमची गल्ली निघते आहे. लोणावळाच ठरलं आहे. धरणाच्या मागे कोणी जायचं नाही, पोरांनी पायऱ्यांच्या खालच्या बाजूलाच बसायचं, पाणी गढूळ दिसलं की बिर्याणी अर्धी टाकूनही उठायचं आणि घाट तुंबायच्या आत चारला परत निघायचं, एवढं मी सगळ्यांना बजावलं आहे. भाभी येणार आहेत. गाडीवाला माणशी चारशे म्हणतो, मुलांचे अर्धे घ्यायला अजून तयार नाही.