बादली, घड्याळ आणि आमची हिरवळ

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हाला फार आवडतं, हे मला चांगलं ठाऊक आहे! वर्गात फळ्यावर माझ्याकडून एखादी वेलांटी चुकली, की किती आनंदाने ओरडता तुम्ही!

आमचं घर भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. पूर्वी इथे भाताची शेतं होती. आता जिकडे पाहावं तिकडे गोदामं आणि त्यांच्यापुढे मालमोटारींच्या रांगा. माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, यांची आयुष्यभर यंत्रमागावर नोकरी झाली. कानात सतत खटखट आणि नाकात कापसाची तूस. ‘निवृत्त झालो की दारापुढे हिरवळ लावीन आणि सकाळी अनवाणी चालेन,’ असं ते नेहमी म्हणायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती लावलीसुद्धा. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. शहरातल्या एखाद्या बंगल्यापुढे ती काहीच नाही, पण आमच्या आळीत मात्र कौतुकाची.

तिला पाणी घालायचं काम माझ्याकडे. शाळेतून आले, की बोअरचा पंप चालू करायचा, पाइप गवतात टाकायचा आणि चहा घेत वह्या तपासायला बसायचं. वह्या संपल्या, की पाणी बंद. सोपा हिशेब!

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी वही द्यायला घरी आली. दारातूनच म्हणाली, “बाई, नळ बंद करू का? पाणी गटारात चाललंय.”

मी उठून पाहिलं. खरंच, फाटकाखालून पाण्याचा ओघळ थेट गटारात जात होता.

ती पुढे म्हणाली, “आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं. आज नंबर लावायला मी उठले होते.”

तक्रार म्हणून नाही बरं का, सहज सांगितलं तिने. वही दिली आणि गेली. त्या दिवशी ती पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून पेंगत होती आणि मी तिला उभं केलं होतं. ते मला तेव्हा आठवलं.

रात्री मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी पंधरा लिटरची बादली पाइपाखाली ठेवली आणि घड्याळ घेऊन बसले. बादली भरली पंचेचाळीस सेकंदांत. म्हणजे मिनिटाला किती? बरोबर, २० लिटर. आणि माझ्या वह्या तपासून व्हायला लागायची रोज साधारण ४० मिनिटं. करा गुणाकार! ८०० लिटर. त्रेपन्न बादल्या, रोज!

आता गवताला खरं किती लागतं? एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचं पाणी पसरलं, तर ते बरोबर एक लिटर भरतं. पटत नसेल तर घनफळाचं गणित मांडून पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळीतून रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जातं, कडक ऊन आणि वारा असेल तर थोडं जास्तही. आमची हिरवळ ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. अठ्ठावीस पंचे एकशे चाळीस. गवताची तहान १४० लिटरची आणि मी ओतत होते ८००!

मग बाकीचं पाणी जायचं कुठे? घर बांधताना आम्ही मुरमाची भरणी केली होती आणि वर जेमतेम सहा इंच माती. घट्ट जमीन पाणी सावकाश पिते. तुम्हाला कोणी तांब्याभर पाणी एका घोटात प्यायला लावलं, तर निम्मं सदऱ्यावर सांडेल की नाही? तसंच. यावर उपाय म्हणजे पाच-सहा मिनिटं पाणी द्यायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पाच-सहा मिनिटं द्यायचं. पहिलं पाणी मुरलं, की दुसऱ्याला वाट मिळते.

आणि रोज द्यायचंच नाही! हे मला सगळ्यात उलटं वाटलं होतं. रोज थोडंथोडं पाणी मिळालं, की मुळं वरच्या वर राहतात, आळशी होतात. एका दिवसाचा खंड पडला तरी गवत माना टाकतं. तीन दिवसांनी एकदाच, पण खोलवर मुरेल असं दिलं, तर मुळं पाण्यामागे खाली जातात. पाणी खोल गेलं की नाही, हे पाहायला अण्णांचा लांब पेचकस कामी आला. तो मातीत खुपसायचा. ओल्या मातीत सहज शिरतो, कोरडी लागली की अडतो.

वेळ पहाटेची किंवा सकाळची. दुपारी बरंच पाणी ऊनच पिऊन टाकतं. रात्रभर पाती ओली राहिली, तर बुरशीला आमंत्रण. आणि गवत अगदी तासून कापू नका. दोन-अडीच इंच राहू द्या, म्हणजे त्याचीच सावली मातीवर पडते.

ज्यांच्याकडे फिरता फवारा असेल, त्यांनी श्रीखंडाचे पाच-सहा रिकामे, सरळ कडांचे डबे गवतात जागोजागी ठेवावेत. पंधरा मिनिटांनी प्रत्येकात पट्टी बुडवून पाहा. एका डब्यात दहा मिलिमीटर आणि दुसऱ्यात दोन, अशी गंमत हमखास दिसेल!

हा सगळा हिशेब मी जेवताना अण्णांपुढे मांडला. वर म्हटलं, “अण्णा, हिरवळ काढूनच टाकू या का?”

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. “काढ,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचंही काय चुकलं, सांगा. तीस-पस्तीस वर्षं लोखंडाचा खडखडाट ऐकलेल्या माणसाने चार हात गवत मागितलं, तर ते फार झालं का?

शेवटी एक जुनी बातमी मी त्यांना सांगितली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. २०१६ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नाही, म्हणून मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून आगगाडीने पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे गाडीत ५ लाख लिटर. त्याच दिवसांत आपल्या राज्यात आयपीएलचे क्रिकेट सामने होते आणि त्यांच्या मैदानांना ६० लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून येत होता. म्हणजे अशा बारा गाड्या! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सांडपाणी शुद्ध करून तेच मैदानावर वापरू, असंही क्रिकेटवाल्यांनी सांगून पाहिलं. पण ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा, असा आदेश झाला. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बेंगळुरूला झाला.

आता खरं सांगायचं तर मुंबईच्या मैदानाचं वाचलेलं पाणी काही लातूरच्या हंड्यात पोहोचलं नाही. तसं आमचं बोअर बंद केलं, म्हणून त्या मुलीच्या चाळीत नळ सहाला येणार नाही. अण्णांनी मला नेमकं हेच ऐकवलं! पण बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातलं आहे आणि ते पोट सगळ्या गावाचं एकच आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईला जाणारं भातसाचं पाणी आमच्याच तालुक्यात पिसे इथे उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. तरी मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकर येतोच.

तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतःच फावडं घेऊन आले. अर्धी हिरवळ ठेवायची, अर्धी काढायची, असा तह झाला. काढलेल्या भागात जास्वंद, कढीपत्ता आणि दोन लिंबं लावली. त्यांच्यामध्ये साध्या भाजक्या मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरले. माठ भरून झाकण ठेवलं, की पाणी पाझरत राहतं. माती कोरडी झाली की जास्त, ओली असेल तर कमी. चीनमधल्या फान शेंगझी नावाच्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेतीच्या पुस्तकात ही युक्ती लिहून ठेवली होती. माठात आम्ही तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी गाळून घालतो. झाडांच्या बुडाशी पालापाचोळा पसरला, तो वेगळाच.

उरलेल्या अर्ध्या हिरवळीला तीन दिवसांतून एकदा सुमारे २१० लिटर. घड्याळ लावून साडेदहा मिनिटं, तीही दोन हप्त्यांत.

मे महिन्यात बोअरचं पाणी खूपच खाली गेलं, तेव्हा तेही बंद केलं. गवत पिवळं पडलं, मग तपकिरी झालं. अण्णा रोज सकाळी त्या वाळक्या गवतावर चालायचे आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पण आमचं गवत म्हणजे साधी हरळी, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. ती वरून मेल्यासारखी दिसते, पण खाली जिवंत असते. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात हिरवे कोंब दिसू लागले. अण्णांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं. बोलले काही नाहीत, नुसतं बोट दाखवलं.

आणि हो, त्या मुलीला मी आता पहिल्या तासाला उभं करत नाही.

तुम्ही एक करा. घरातल्या नळाखाली बादली ठेवा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. मग घरातली मोठी माणसं दात घासताना किंवा गाडी धुताना नळ किती वेळ चालू ठेवतात, ते गुपचूप लिहून काढा. गुणाकार केलात, की मला कळवा. उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवायचं की नाही, ते तुमच्या धाडसावर!