राणी हिराईचा घुमट

चंद्रपुरात अचलेश्वर मंदिरालगत गोंड राजांच्या समाधी आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी बीरशहाची. ती राणी हिराईने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधविली. शिवमंदिराच्या शेजारी, गोंड राजाच्या स्मारकासाठी, एका राणीने घुमट पसंत केला. घुमट दिसला की तो मुसलमानी आणि शिखर दिसले की ते हिंदू, अशी सोपी वाटणी करणाऱ्यांना ही समाधी अडचणीचीच वाटावी.

वैनगंगाकाठच्या मार्कंड्यासारख्या जुन्या मंदिरांत छत साधले जाई ते दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवून. भार सरळ खाली उतरतो, पण रुंद दालन झाकता येत नाही; म्हणून सभामंडपात खांबांची दाटी होते. खऱ्या कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, आणि घुमट म्हणजे स्वतःभोवती फिरवलेली कमानच. या मोकळ्या जागेची किंमत मात्र मोजावी लागते. घुमट पायथ्याशी बाहेर रेटा देतो व तो पेलण्यास भिंती जाड लागतात. शिवाय दालन चौरस, घुमट गोल! चारही कोपऱ्यांवर तिरप्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करण्याची युक्ती इराणातील सासानी कारागिरांची, म्हणजे इस्लामच्याही आधीची. दख्खनच्या गवंड्यांनी ती कुठवर नेली हे विजापूरच्या गोलघुमटात दिसते. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला; त्याच्या या कबरीवर सुमारे ३८ मीटर अंतर्व्यासाचा घुमट मधल्या एकाही खांबाविना उभा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आत झुकतात, आणि त्यांचे आत झुकलेले वजनच घुमटाचा बाहेरचा रेटा आवरते. बीरशहाच्या समाधीचे माप अर्थातच याहून पुष्कळ लहान. विद्या मात्र त्याच कुळातली.

ही विद्या चुन्यावर उभी आहे. चुना सावकाश घट्ट होतो, थोडी हालचाल सोसतो, ओल बाहेर सोडतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि मागोमाग धो धो पाऊस येतो. अशा ठिकाणी जुन्या चुन्यावर सिमेंटचा लेप दिला, तर ओल आतच कोंडते. भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच न काढणे हाही तितकाच महागात पडणारा आळस.

कायद्याने स्मारकाभोवतीचे शंभर मीटर राखले जातात, पण चुना मळणारा हात कायद्याने राखता येत नाही. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ यांनी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने विद्यार्थ्यांकडून या समाधींची मोजमापे घेऊन मराठीत आराखडे छापावेत. जुने चुनाकाम जाणणारे गवंडी जिल्ह्यात उरले असतील, तर त्यांना मानधन देऊन शिकवण्यास बोलवावे. हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू व्हावे.