पडलेला माणूस सेन्सरला दिसत नाही

मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशी आणि वृद्ध आईवडील घरात एकटे, हे चित्र आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. २०११च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. त्यांच्या घरात कॅमेरा लावणे अनेकांना नकोसे वाटते. त्याऐवजी भिंतीच्या कोपऱ्यात बसणारा पांढरा ‘पीआयआर’ सेन्सर हा सोयीचा पर्याय वाटतो. तो चित्र घेतच नाही, त्यामुळे न्हाणीघराबाहेरही खुशाल लावता येतो.

हा सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. अपायाची भीती निराधार आहे. माणसाच्या अंगातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण तो टिपतो. आत लिथियम टँटलेटसारख्या स्फटिकाचे दोन तुकडे असतात. त्यांचे तापमान बदलले की पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो, तापमान स्थिरावले की तो विरतो. तुकडे उलटसुलट जोडलेले असल्याने सारी खोली तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. माणूस चालत गेला, तर त्याची ऊब आधी एकावर, मग दुसऱ्यावर पडते आणि संकेत मिळतो.

म्हणजे त्याला माणूस कळत नाही, ऊब हललेली कळते. मांजरही चालते! स्वच्छतागृहात स्वस्थ बसल्यावर दिवा विझतो तो यामुळेच. खुब्याचे हाड मोडून किंवा शुद्ध हरपून निश्चल पडलेले आजोबा आणि रिकामी खोली त्याच्या लेखी सारखीच.

म्हणून अशा यंत्रणा हालचाल न दिसण्याचा अर्थ लावतात: रोज सहाला उठणारी आजी आठपर्यंत स्वयंपाकघरात आली नाही, तर मुलाला संदेश. पण रात्री अकराला पडलेल्या माणसाचे मधले तास जातात. तेवढा वेळ जमिनीवर पडून राहिल्यास दबलेले स्नायू झिजून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

विदर्भातल्या मे महिन्याचा विचार तर व्हायलाच हवा. भिंती त्वचेइतक्याच तापल्या, की फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. उष्माघाताचा धोकाही तेव्हाच जास्त. तेव्हा सेन्सर भर दुपारी, पंखा लावून, त्याच्यासमोर चालून तपासावा. गळ्यात मदतीचे बटण, शेजाऱ्याकडे किल्ली आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेला फोन हे त्याच्या जोडीला हवेतच.