पदर उलटा करून बघा

येवल्यात पैठणी घेणारी जाणती बाई आधी पदर उलटा करते. हातमागावर मोराचा, वेलीचा एकेक रंग वेगळ्या कांडीने ताण्यात गुंफलेला असतो, म्हणून दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. यंत्रमागाच्या मालात मागे सुटे धागे लोंबतात, किंवा कापल्याच्या खुणा राहतात. कापडाबाबत एवढी तयार असलेली ही नजर मोबाइलवर फोटो आला की कुठे जाते?

फोटोला कसली आलीय मागची बाजू, असं म्हणाल. असते. कुणी काढला, कधी, चौकटीबाहेर काय ठेवलं, कात्री कुठे लावली.

२०१८ सालचा तो व्हिडिओ आठवा. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलून पसार. 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून तो देशभर फिरला. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला सोडतात, फलक दाखवतात. नेमकं तेवढंच कापलेलं होतं. मुलं पळवण्याच्या अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती.

मग व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. शाळांनी काय केलं? आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, वर दहावीला वाढीव गुण. चित्र काढायला शिकवतो (तो तासही परीक्षा आली की गणितवाले पळवतात), समोर आलेलं चित्र वाचायला नाही. 'डिजिटल साक्षरता' म्हणजे पासवर्ड आणि ओटीपी, एवढ्यावर आपण खूश.

एआयच्या जमान्यात खरंखोटं कळणारच नाही, मग शिकवून काय उपयोग, हा युक्तिवाद आळशी आहे. कराचीच्या त्या फिल्ममधली एकही फ्रेम यंत्राने बनवलेली नव्हती. खोटी होती ती कात्री आणि वरची ओळ. ते पकडायला ॲप लागत नाही. 'याच्या आधी-नंतर काय होतं?' हे विचारायची सवय लागते, आणि सवय वर्गात लावता येते.

येवल्यातल्या शाळांनी घरच्याच मालापासून सुरुवात करावी. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या दहा 'अस्सल पैठण्यां'चे फोटो आठवीच्या पोरांपुढे ठेवा. प्रत्येक विक्रेत्याकडे पाठच्या बाजूचा फोटो मागायला लावा. कोण पाठवतो, कोण विषय बदलतो, ते वहीत लिहू द्या.