पाडवा नसलेलं वर्ष आणि सेल्समनचा आराखडा

२०२४-२५ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा दोनदा आला, ९ एप्रिल २०२४ ला आणि पुन्हा ३० मार्च २०२५ ला. रमजान ईदही दोनदा आली. पुढच्या वर्षी दोन्ही सण एकेकदाच आले आणि तेही मार्चमध्ये. २०२६-२७ मध्ये तर गुढीपाडवाच नाही. १९ मार्च २०२६ नंतरचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ ला आहे. त्यात १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत. दुचाकी, फ्रिज, टीव्ही, भांडी, दागिने विकणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तरीही बहुतेक कंपन्यांत टार्गेट एकाच रीतीने ठरतं: गेल्या वर्षीचा आकडा, अधिक दहा-पंधरा टक्के, भागिले बारा. या भागाकाराला पंचांग कळत नाही आणि भिवंडीसारख्या गावातला धंदा ज्या ईदवर हलतो ती दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते हेही कळत नाही. म्हणून वर्षाचा आराखडा सेल्समनने स्वतः, आपल्या हद्दीतल्या दुकानांवरून मांडायला हवा. वरून आलेल्या आकड्याचे बारा तुकडे करणं म्हणजे आराखडा नव्हे.

या भागाकाराचा परिणाम पाहायचा तर भिवंडीजवळच्या मानकोलीसारखी जागा नाही. मुंबईत जकात होती तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत, परवडणाऱ्या जमिनीवर इथली गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली, उलट मोठी झाली. साबणापासून एसीपर्यंत नाना कंपन्यांचा माल मानकोली, वळ, पूर्णा, काल्हेर पट्ट्यातून ठाणे-कल्याणकडे आणि पुढे नाशिककडे निघतो. कंपनीच्या हिशेबात डेपोतून डिस्ट्रिब्युटरच्या नावे बिल फाटलं की विक्री झाली. हिला प्रायमरी म्हणतात. दुकानातून गिऱ्हाइकाने उचललेल्या मालाची नोंद त्यात नसते. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत टार्गेट गाठायचं म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल मारला जातो, स्कीम वाढवली जाते, उधारीची मुदत लांबते. मग पुढच्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस ऑर्डर नाही, कारण गोदाम भरलेलंच आहे. सहा महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी म्हणून परत येतो आणि क्रेडिट नोटवरून भांडणं सुरू होतात. कागदावर टार्गेट पूर्ण झालेलं असतं. बाजारात खप वाढलेला नसतो.

स्वतःचा आराखडा याच्या उलट टोकाने सुरू होतो. समजा, एकाची वर्षाची विक्री १ कोटी २० लाख आहे आणि पंधरा टक्के वाढ मागितली आहे. म्हणजे १८ लाख जास्त हवेत. पण हिशेब तिथून सुरू करायचा नसतो. आधी विचारायचं, असलेल्या विक्रीतलं काय जाणार? कुठलं दुकान बंद होतंय, कुठे मालकाचा मुलगा दुसऱ्या कंपनीचा माल ठेवू लागलाय, कुणाची उधारी इतकी थकलीय की माल देणंच थांबवावं लागेल? यात ९ लाख जाणार असतील तर नवी विक्री २७ लाखांची हवी, १८ ची नाही. मग ती कुठून येणार ते दुकानाच्या नावासकट लिहायचं. महिना दहा हजारांची सहा नवी दुकानं मिळाली तरी वर्षाचे ७ लाख २० हजारच होतात, तीही एप्रिलपासून चालू झाली तर. हा साधा गुणाकार मांडला की कित्येक बढाया गळून पडतात. हद्दीचा नकाशाही दरवर्षी नव्याने पाहावा लागतो. मोठागाव-मानकोली पूल २०२४ मध्ये खुला झाल्यापासून डोंबिवली पश्चिम आणि मानकोली एका दिवसाच्या बीटमध्ये, म्हणजे फेरीत, बसू शकतात. जुन्या फाइलमध्ये मात्र त्या अजून दोन वेगळ्या दिशा असतात. आणि यंत्रमागाचे कामगार दिवाळीला, मे महिन्यात गावी गेले की भिवंडीतल्या किराणा दुकानांचा गल्ला किती उतरतो, हे मुख्य कार्यालयापेक्षा बीटवर फिरणाऱ्याला जास्त ठाऊक असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आराखडे टिकत कुठे? २०२५ चंच घ्या. १५ ऑगस्टला जीएसटीत कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर. एसी, मोठे टीव्ही, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ वर. मधल्या पाच आठवड्यांत गिऱ्हाइकाने हात आखडला, दुकानदाराने माल उचलणं थांबवलं. एप्रिलमध्ये हे कुणी लिहिलं असणार? कुणीच नाही. पण ज्याच्याकडे दुकानवार यादी होती त्याला निदान कोणाकडे जुन्या दराचा किती माल पडून आहे हे माहीत होतं, आणि दिवाळी २१ ऑक्टोबरची म्हणजे हातात जेमतेम महिना उरतो हेही. बारा समान हप्त्यांवर चालणाऱ्याला सप्टेंबर हा नुसता 'खराब महिना' वाटला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: टार्गेट वरूनच येणार, मग तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याने हा जादा उद्योग कशाला करावा? टार्गेट आराखड्याने टळत नाही, हे मान्य. पण वाटाघाटीला जाताना एका बाजूकडे एक्सेल शीट आणि दुसऱ्याकडे फक्त कुरकुर, अशी आजची स्थिती आहे. पाडवा नसलेल्या वर्षाच्या मार्चमध्ये जादा आकडा का मागू नये, हे तारखांसकट मांडता आलं तर तो भार एप्रिल २०२७ कडे सरकवण्याची मागणी तरी करता येते. मॅनेजर मंडळींना वेगळीच भीती असते, की माणसाला स्वतःचा आकडा लिहायला सांगितला तर तो मुद्दाम कमी लिहील. लिहीलही. मात्र नुसता आकडा कमी सांगणं सोपं आहे, एकशेऐंशी दुकानांची यादी खोटी लिहिणं अवघड. त्यातली कुठलीही पाच नावं काढून एरिया मॅनेजरला मंगळवारी सकाळी त्या दुकानांत जाऊन उभं राहता येतं. फक्त यादीचं हे काम टार्गेट ठरण्याआधी, फेब्रुवारीत व्हायला हवं. एप्रिलच्या मीटिंगमध्ये यादी मागून उपयोग नाही, कारण तोवर आकडा छापून आलेला असतो.